आधी गिनती

आमची चौकी डोंगराच्या उतारावर होती. खाली चीडाचं जंगल, समोर ताबारेषा, आणि मधल्या पट्ट्यात जुने सुरुंग. उन्हाळ्यात जंगल पेटलं की आग चढावर पळत यायची आणि वाटेत एकेक सुरुंग फुटायचा. गावी आल्यावर लोक विचारतात, गोळीबाराची भीती वाटायची का. गोळीबाराची सवय होते. आगीची होत नाही.

एकदा एप्रिलात अशीच आग वर आली. मी तेव्हा हवालदार होतो, सेक्शन माझ्याकडे होता. रेडिओवर मी सुभेदार साहेबांना सांगायला लागलो, आग नाल्याच्या अलीकडे आली आहे, वारा पश्चिमेचा आहे. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आग मुझे दिख रही है. पहले गिनती दो. ओव्हर."

फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. पुढे किती माणसं आहेत, कोण कुठे आहे, हे आधी. आग विझवणं नंतर. मी गिनती दिली, सगळे हजर होते, मग आम्ही गवत कापून पट्टा मोकळा केला आणि ओल्या फांद्यांनी आग झोडपत बसलो. माझ्या शेजारी नायक रामकिसन होता. आम्ही दोघं बडी, म्हणजे जोडीदार. एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागायचं. त्यात तो माझ्याच गावचा, तीर्थपुरीजवळचा. घरून आलेला लाडू तो मला अर्धा द्यायचा आणि त्यावरून पुढे महिनाभर ऐकवायचा.

दोघंही धडधाकट निवृत्त झालो. गावात शिपाई असो की सुभेदार, फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर. त्याप्रमाणे आम्ही दोघंही मेजर झालो आणि ऊस लावून शेतकरी झालो.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऊस कधी तोडायचा ते कारखाना ठरवतो. पाळी आली नाही तर ऊस उभ्या उभ्या वाळतो. पण पेटलेला ऊस कारखाना थोडी कपात करून आधी उचलतो. त्यामुळे पाळी लांबलेला एखादा माणूस गुपचूप स्वतःच्याच फडाला काडी लावतो आणि तारांची ठिणगी पडली म्हणून सांगतो. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आमच्याकडे फडातून धूर निघाला की कुणी धावत नाही. लोक हसतात.

मार्च महिना होता. दुपारी मी तीर्थपुरीला पंपाचा पट्टा आणायला गेलो होतो. दुकानातच फोन थरथरायला लागला. गावाच्या ग्रुपवर धुराचे फोटो येत होते. एकानं विचारलं, कुणाचा पेटला. दुसऱ्यानं लिहिलं, लागली तोड लवकर. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग. मग व्हिडिओ सुरू झाले. आग ओढ्यापाशी आली. आग ओढा ओलांडून गायरानात शिरली, वाळलेलं गवत भराभर पेट घेतंय. आता डीपीच्या खांबापाशी आहे. कुणाच्या गच्चीवरून चांगलं दिसतंय, हेही एकमेकांना कळवणं चालू होतं. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं.

रामकिसनचा फोन आला.

"उस्ताद, गायरानाच्या कडंला तोडणीवाल्यांच्या कोप्या हाईत. आत कोण हाय, कुणाला माहीत न्हाई. विचारलं तर फोनमधी बघून राह्यलेत."

मी म्हणालो, थांब, मी ट्रॅक्टर घेऊन येतो.

"तुम्ही या जल्दी. मी थांबत न्हाई."

कोप्या म्हणजे बांबू, ताडपत्री आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या. बापे-बाया पहाटे तोडीला जातात, मागे म्हातारी माणसं आणि लहान लेकरं राहतात. हे गावाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. त्याच कोप्यांवरून रोज सगळ्यांच्या गाड्या जात होत्या.

गावात शिरलो तर गच्च्या भरलेल्या. उन्हात डोक्याला टॉवेल बांधून माणसं हात उंच करून उभी. अंबादासकडे मोसंबीच्या बागेला फवारणीचा ट्रॅक्टर आहे, टाकी भरलेली होती. मी चावी मागितली.

"मेजर, फडवाल्यानंच लावली असंल काडी," अंबादास म्हणाला. "कशाला उगी पळापळ करता?"

मी म्हटलं, कोप्यांत माणसं आहेत. त्याचं तोंड उतरलं आणि त्यानं स्वतः ट्रॅक्टर काढला. त्याला मी एवढं श्रेय देतो. पण पाणंदीवर मोटारसायकली लावलेल्या होत्या, बघायला आलेल्यांच्या. गाडीला गाडी लागून. ट्रॅक्टर अडला. मागून आलेला कारखान्याचा बंबही अडला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि गाड्यांचे मालक बांधावर चढून शूटिंग करत होते. मी उतरलो आणि पळत सुटलो.

बांधावर पोचलो तेव्हा एक म्हातारी जमिनीवर बसून खोकत होती. तिच्या कुशीत दोन लहान मुली. तिघींना रामकिसननं बाहेर आणलं होतं. तो दिसत नव्हता. मी शेजारच्या माणसाला विचारलं, किसन कुठंय.

"परत आत गेलेत," तो म्हणाला. फोन त्यानं खाली घेतला नाही. "लाइव्ह चालू हाय."

ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, आत अजून एक पोरगी आहे. कुणी पाहिली होती? कुणीच नाही. ते वाचून बांधावरच्यांनी रामकिसनला ओरडून सांगितलं. त्यानं म्हातारीला विचारलं, पण तिच्या तोंडून खोकल्याशिवाय काही निघेना. मुली रडत होत्या. तो वळला आणि गेला.

मला दहा पावलांपलीकडे जाता आलं नाही. कोप्या एकदम पेटल्या. बंब आला, पाणी मारलं, धूर खाली बसला. तोडणीवाले फडातून धावत आले होते, त्यांनाच मागच्या बाजूला त्याचा देह सापडला. प्रत्येक कोपी बघत तो शेवटच्या कोपीपर्यंत गेला होता.

तोडणीवाल्यांच्यात एक बाई होती. तिच्या कडेवर तिसरी मुलगी होती. सकाळी अंगात कणकण होती म्हणून आईनं तिला सोबत नेलं होतं. हे त्यांच्या मुकादमाला माहीत होतं आणि मुकादमाचा नंबर अर्ध्या गावाकडे आहे. एक फोन पुरला असता. दुपारभर सगळ्यांच्या हातात फोन होता आणि तो एक फोन कुणी केला नाही.

ठिणगी खरोखर तारांचीच होती, हे पुढे कळलं. आत पोरगी असल्याचा मेसेज ज्यानं टाकला, त्यानं तो पुसला. चौकात मोठा बॅनर मात्र लागला. रामकिसनचा वर्दीतला फोटो, खाली शुभेच्छुक असल्यासारखी पुढाऱ्यांची तोंडं, आणि वर 'शहीद'. मी तो उतरवला. काहींना राग आला. येऊ द्या. सीमेवर पडला असता तर मी स्वतः ती अक्षरं रंगवली असती. शत्रूनं त्याला वीस वर्षांत हात लावला नाही. त्याला मारलं ते बघणाऱ्यांनी.

दहावा शहागडला गोदावरीवर झाला. निम्मं गाव आलं होतं. तोडणीवालेही आले, त्या दिवसाची मजुरी बुडवून. विधी झाल्यावर मला दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हातारीपाशी गेलो. शेजारी तिघी मुली ओळीनं उभ्या होत्या. धाकटीनं माझ्या मिशीकडे बघून तोंड लपवलं. मी त्यांना मोठ्यानं मोजलं, चौकीवर मोजायचो तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एक, दोन, तीन, आणि म्हातारी चार.

त्यांची गिनती पूर्ण होती, किसन. आमची एकानं कमी आली.