बिनआवाजाचं रडणं

साखऱ्याच्या फाट्यावर जीप भरली होती आणि माय माझी बॅग हातातून सोडत नव्हती. बाबा रागानं आलेच नव्हते. सिनेमात जाणारी पोरगी बापाचं नाव घालवते, हे त्यांचं ठाम मत. माय मात्र शेवटी बॅग टपावर देत म्हणाली, "पोटाला खात जाय. आमची फिकर करू नको." जीप निघाली, मी मागं पाहिलं नाही. वय तसं होतं.

गावातल्या बायांनो, तुम्हांला माझं काम कधी नीट कळलं नाही, म्हणून सांगते. हिंगोलीच्या कॉलेजात मी मूकाभिनय करायचे. तिथं एका दिग्दर्शकानं मला पाहिलं. त्याला या काळात मुद्दाम जुन्या धाटणीचा मूकपट काढायचा होता, काळा-पांढरा, एका शब्दाचाही नाही. त्यात मी लेकरू गमावलेली आई होते. पुण्यात तालीम चालली ती मुख्यतः रडण्याची. आवाज निघाला की चेहरा बिघडतो, असं तो म्हणायचा. हुंदका आला की कट, पुन्हा पहिल्यापासून. करता करता रडं माझ्या गळ्याच्या खालीच थांबायला शिकलं.

सिनेमा फेस्टिव्हलांत फिरला, पेपरात फोटो आला. फाट्यावर माझं बॅनर लागलं आणि बाबा त्याच्याखाली उभं राहून चहा प्याले म्हणे! मायनं फोनवर सिनेमा पाहिला आणि मला एवढंच विचारलं, "तुला बोलू काहून देईनात वं?"

पुढच्या सिनेमात बोलायचं होतं, तर तिथं माझं गावाकडचं 'न्हाई' कुणाला चालेना. लँग्वेज क्लीन कर म्हणाले. मग माझ्या तोंडी दुसऱ्याच मुलीचा आवाज घातला. त्यानंतर ऑडिशनचे फोन हळूहळू बंद झाले आणि माझं करिअर संपलं. आता पुण्यातच साड्यांच्या दुकानात काउंटरला असते. गिऱ्हाइकांशी मात्र अगदी क्लीन बोलते.

माय अचानक गेली. आपल्याकडची रीत इथल्या लोकांना सांगितली तर खरी वाटत नाही. लांबची लेक आल्याशिवाय मढं उचलत नाहीत, आणि लेकीनं वेशीपासूनच हेल काढून रडत यायचं. मायनं काय काय सोसलं, ते तिचं नाव घेऊन मोठ्यानं बोलायचं. घरातल्या बाया तो आवाज कानांत प्राण आणून ऐकत असतात.

मी जीपमधून उतरले, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. गल्लीतून चालत गेले, डोळ्यांना धार लागलेली, गळा बंद. मायच्या पायांशी बसले तरी तेच. चुलतीनं मला गदागदा हलवलं.

"बोल की वं! मायला हाक मार. समदे वाट पाहून राहिले."

मागून कुणीतरी म्हणालं, "तिला सवयच हाय बिनआवाजाची."

मग चुलतीच माझ्या जागी बसली आणि माझ्या नावानं रडली. "माझे माय वं, तुझी लेक आली, डोळे उघड वं, मी आता कुणाच्या घरी येऊ..." बाबा खाली मान घालून ऐकत होते. तिचं रडून झालं तसं ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उचला."

दिवसपाण्यापर्यंत राहिले. भेटायला आलेल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही. त्यांचंही काय चुकलं? मला दुःख झालंय हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, तुमचं काय झालंय ते मला माहीत नाही. माझी रूम पार्टनर ड्युटीवर गेली की मी दार लावून मायला हाक मारून बघते. तोंड उघडतं, डोळे भरतात, आरशात चेहरा अगदी त्या दिग्दर्शकाला हवा तसा होतो. आवाज येत नाही, आणि मला स्वतःची भीती वाटते.

इथं कुणी विचारलं तर मी अजून साखऱ्याचीच आहे म्हणून सांगते. सणाला जातेही. चुलती लगबगीनं बाहेर येते, ओट्यावर सतरंजी टाकते, तांब्या पुढं करते आणि विचारते, "परवास बराबर झाला ना, ताई?" पूर्वी ती मला अगं-तुगं करायची.