दसऱ्याला मी गाडीखाली शिरलो

"शिर रे खाली. सायलेन्सर शोधून दाखव. सापडला तर पगारवाढ."

दसऱ्याचा दिवस. रत्नागिरीबाहेर कातळावर आमचा कारखाना, त्याच्या आवारात दादांची नवी कोरी गाडी उभी. विजेवर चालणारी. बॉनेटवर झेंडूचा हार. आम्ही सगळे कामगार भोवती गोळा झालेले. दादा म्हणजे आमचे मालक. मालक म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "मालक काय रे, दादा म्हणा. आपण एका घरातले," असं पहिल्या दिवसापासून सांगायचे. तर त्या दादांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि हे बोलले.

विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. इंजिन नाही, धूर नाही, मग धूर बाहेर सोडणारी नळी कशाला असेल? आणि मी त्या कारखान्यात इतकी वर्षं केलं काय, तर सायलेन्सरचं वेल्डिंग. आम्ही माल घाटावर पाठवायचो, गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला. दुसरं काही तिथे बनतच नव्हतं.

मी आधी हसलो. म्हटलं चेष्टा आहे, होईल गप. दादा हसत नव्हते. त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातले दोन पाहुणे होते, ते माझ्याकडे बघत होते.

"अरे शिर ना!"

शिरलो. आधी गुडघे टेकले, मग कोपरं, मग सरळ पोटावर. पाऊस नुकताच गेलेला, तांबडी माती अजून ओली. आणि माझ्या अंगात पांढरा सदरा. दसरा म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. संध्याकाळी वाडीतल्या विहारात वंदना असते. परस्पर तिकडे जायचं म्हणून सकाळीच घालून आलो होतो. बायकोनं आदल्या दिवशी नीळ घालून धुतला होता.

गाडीखाली काय दिसणार? सपाट पत्रा. नाकाला माती लागत होती.

"सापडला काय रे?"

"नाय दादा."

हशा पिकला. पाहुणे हसले ते सोडा, आमची माणसं हसली. माझ्या बाजूच्या टेबलावर वेल्डिंग करणारा शांताराम, एका डब्यात जेवणारा माझा दोस्त, तोही हसला. त्याचं हसू मला खालूनसुद्धा ओळखता आलं.

बाहेर सरकताना आधाराला म्हणून दाराकडे हात नेला. दादांच्या मिसेस पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "अहो, त्याला हात लावू देऊ नका. अजून पूजा व्हायचीय."

माझ्या हाताला चिखल होता. चिखलामुळंच म्हणाल्या, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर सांगत राहिलो. मग पूजा शांतारामच्या हातून झाली. नारळ त्यानं फोडला, आणि त्याच्या हाताला वेल्डिंगची काजळी होती. ती कुणाला दिसली नाही.

संध्याकाळी विहारात गेलो. सदरा झटकून झटकून डाग आणखी पसरला होता. आयस दारातच म्हणाली, "काय रं, पडलास काय खय?"

"व्हय, पडलो," म्हटलं.

आईशी खोटं बोललो. त्या दिवशी, त्या ठिकाणी. जाम लाज वाटली. पण ती लाज मी गिळली, कारण पूजेनंतर दादांनी जे भाषण केलं होतं त्यानं आम्ही सगळे हवेत होतो.

वर्षभर ऑर्डरी आटत चालल्या होत्या. आधी दुसरी पाळी बंद झाली, मग ओव्हरटाइम, मग ठेकेदाराची पोरं एकेक करून घरी गेली. रोज येणारा घाटावरचा ट्रक आठवडा-आठवडा फिरकेना. कारखाना बंद पडला तर काय, हे कुणी उघड बोलत नव्हतं. माझा बापूस जन्मभर मुंबईला. गणपतीला आणि मे महिन्यात यायचा, पाहुण्यासारखा. आम्ही पोरं त्याला लाजायचो, आयशीच्या मागं लपायचो. मी देवरूखला मामाकडे राहून वेल्डिंग शिकलो ते एवढ्यासाठी, की माझी पोरगी मला लाजू नये. मला नोकरी हवी होती ती इथली. घरून डबा घेऊन जाता येईल अशी.

आणि दादा भाषणात म्हणाले, "सायलेन्सरचे दिवस भरले. तुमचे नाही. या गाड्यांच्या बॅटरीला पेटी लागते. ती पेटी आपण करायची. इथेच, मागच्या शेडमध्ये. मी एकालाही सोडणार नाही."

टाळ्या! सर्वांत जोरात मी वाजवल्या. हातावरचा चिखल वाळून पडत होता.

मागची शेड म्हणजे भंगाराचं कोठार. दादा म्हणाले, ठेकेदाराला देण्यापेक्षा आपणच करू या, श्रमदान. मग काय, रविवार आला की आम्ही हजर. भंगार उपसलं, जमीन चोपली, पडलेली चिऱ्याची भिंत पुन्हा उभी केली, तिला चुना मारला. सुगंधाताई, जी पाण्याच्या टाकीत सायलेन्सर बुडवून कुठून बुडबुडा येतो ते बघायची, ती घमेली उचलता उचलता एकदाच म्हणाली, "नवीन काम येतंय तर नवीन काम शिकवनारा कोन येतंय काय? का नुसता चुनाच?" मी तिच्यावर खेकसलो. "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

एका रविवारी दादा आले आणि आमच्यात भुईवर मांडी घालून बसले. माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी मागून खाल्ली. "वहिनींना सांग, फस्क्लास!" म्हणाले. घरी आलो तो नाचतच. बायकोला सांगितलं, आयशीला दोनदा सांगितलं. माझ्या आज्याला गावात पाणी वरून ओतायचे, आणि इथे मालक माझ्या घरची भाकरी खातो. मला वाटलं, जिंकलो आपण. दसऱ्याचं सगळं फिटलं.

ती भाकरी त्यांनी ढोंगानं खाल्ली असं मी आजही म्हणत नाही. भूक लागली होती, खाल्ली. मी तिला काय समजून बसलो, तोच माझा मूर्खपणा.

शिमगा तोंडावर आला तेव्हा एक दिवस दादा मला म्हणाले, "चल, फिरून येऊ." त्याच गाडीत. पुढच्या सीटवर. मी पाय जुळवून बसलो, चपलांचा चिखल लागेल म्हणून. गाडी आवाज न करता मांडवीवरून गेली, पूल ओलांडून भाट्याला आली. त्यांनी समुद्राकडे तोंड करून गाडी लावली आणि मला शहाळं घेऊन दिलं.

"परवा क्रेन येतेय," ते म्हणाले. "पाइप वाकवायचं मोठं मशीन घाटावर चाललंय. कंपनी म्हणते, माल बनवणारे आमच्या दाराशी पाहिजेत. बॅटरीच्या पेट्यांचं काम तिकडेच सुरू करतोय."

मला काही कळेचना. "मग आमची शेड?"

"ती आंब्याच्या पेट्या ठेवायला भाड्यानं दिली. सीझन आलाय ना."

आमची शेड. आमचा चुना, आमची भिंत. आंब्याच्या पेट्या!

"तू ते मशीन सोडव, ट्रकवर चढवून दे. लोकांना सांग, दुरुस्तीला चाललंय. तुझ्यावर विश्वास आहे त्यांचा. तुला मी वर घाटावर घेऊन जातो. खोली देतो. तिकडच्या नव्या पोरांना हाताशी घेऊन शिकव."

"आणि बाकीचे?"

"बघू रे त्यांचं. सगळ्यांना घेऊन कोण फिरतं?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दसऱ्याला ते पाहुणे होते ना, ते कंपनीचे. मी त्यांना म्हटलं होतं, माझी माणसं उलट प्रश्न विचारत नाहीत. बघा, दाखवतो. तू शिरलास. त्यांनी तिथेच तुला पसंत केलं. तुमच्यातला तू वेगळा आहेस. नाहीतर तुमची माणसं..."

पुढचं वाक्य त्यांनी समुद्रात सोडलं. मला ते पूर्ण ऐकू आलं.

म्हणजे ती चेष्टासुद्धा नव्हती. चेष्टा असती तर एक वेळ परवडलं असतं. बैल घेताना तोंड उघडून दात बघतात, तसं मला उघडून दाखवलं होतं. आणि मी पोटावर सरकत परीक्षेत पास झालो होतो. बक्षीस काय, तर माझ्याच माणसांशी खोटं बोलायचं आणि बापसासारखं घर सोडून जायचं.

शहाळं तसंच डॅशबोर्डवर ठेवलं आणि उतरलो.

"अरे, कुठे चाललास? सोडतो ना."

"चालत जातो."

भाट्याच्या पुलावरून चालत निघालो. भरती होती. रडू आलं नाही. राग आला, असा की कानशिलं उडत होती. त्यांचा आला, त्याहून माझा आला. पुलाच्या मध्यावर उभा राहून मोठ्यानं शिवी घातली. एक मासेवाली पाटी घेऊन चालली होती, ती दचकून म्हणाली, "काय झालं रे, बाबा?" तिला काय सांगणार? म्हटलं, "आत्ता कुठं डोळे उघडलं, माय."

घरी गेलोच नाही. सरळ सुगंधाताईकडे गेलो, शांतारामला तिथेच बोलावलं आणि सगळं सांगितलं. मला वर नेणार होते तेही सांगितलं. शांताराम म्हणाला, "दसऱ्याला मी हसलो."

"ऐकू आलं मला."

"आनि नारळ पन मीच फोडला."

"व्हय."

"मला पन सोडून चाललेत, न्हाय?"

"तुला पण."

सुगंधाताईनं दोघांकडे बघितलं. "झाली काय तुमची मापं काडून? आता परवा काय करायचं ता बोला."

क्रेन सांगितल्याप्रमाणे आली. दादाही आले. मशीनभोवती आम्ही सगळे उभे होतो, कुणाच्या हातात काही नाही. दादांनी नेहमीसारखं हसून मला म्हटलं, "चल, बोल्ट सोडव. दुरुस्तीला उशीर होतोय."

"दुरुस्ती नाय. मशीन घाटावर चाललंय, आणि शेड आंब्यांना दिलीय. मी सगळ्यांना सांगितलंय, मालक."

मालक म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. आजवर कुणी त्यांना असं तोंडावर बोललं नसावं, तसे ते आमच्याकडे बघत राहिले. मग आवाज चढला.

"तुला मी माणसांत आणलं रे! विसरलास?"

"मी माणूसच होतो. तुम्ही मला गाडीखाली घातलंत."

"पोलिस बोलावू?"

सुगंधाताई म्हणाली, "बोलवा. त्यांना पन सांगा, दुरुस्तीला चाललंय म्हनून."

क्रेनवाला आमच्याकडे बघत होता, मालकांकडे बघत होता. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं आणि बिडी काढली. त्या दिवशी मशीन हललं नाही.

आता लोक मला शहाणपण शिकवतात. म्हणतात, जमाना विजेचा आहे, तुम्ही काय करणार, धूर ओकणाऱ्या गाड्या वाचवणार? कोण म्हणतं वाचवायच्या? धूर माझ्याइतका कुणी गिळलाय? येऊ देत विजेच्या गाड्या. त्यांनाही पत्रा लागतो, पेटी लागते, ती जोडायला माणूस लागतो. तो माणूस मी का नको, शांताराम का नको, सुगंधाताई का नको, एवढंच सांगा. नवं काम शिकायला आम्ही कधी नाही म्हटलं? शिकवण्याच्या नावाखाली आमच्याकडून भिंत बांधून घेतली. जमाना बदलताना मालक गाडी बदलतो आणि आम्हाला गाव बदलायला सांगतो. हा कुठला न्याय?

माझी बायको घाबरलीय. खोटं कशाला बोलू, मीही घाबरलोय. वरची नोकरी मी लाथाडली, इथली राहील याचा भरवसा नाही. कामगार कार्यालयात अर्ज दिलाय, तिथे पंखा फिरतो आणि साहेब जागेवर नसतो. तरी आम्ही जातो. पाळ्या लावल्यात, मशीनपाशी दोन माणसं कायम असतात.

काल निरोप आलाय. मालक बाहेरगावची माणसं आणून मशीन उचलणार. आणू देत. पण त्यांना ते आमच्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, चोरासारखं न्यावं लागेल. आमच्यातल्या एकाच्या तोंडून खोटं वदवून, दुसऱ्याच्या हातानं बोल्ट सोडवून नेता येणार नाही. सगळ्यांना काम द्या, मग मशीन कुठे न्यायचं ते बोलू. तोवर मी त्याला पाठ लावून उभा आहे, आणि मला खाली वाकवणारा हुकूम आता या कारखान्यात कुणी ऐकत नाही.