फेट्यासकट उंची

छावणीत आमच्या शेजारच्या काकू वधू-वर मंडळ चालवतात. त्यांची यादी कॉम्प्युटरवर मीच चढवून दिली, फुकट. शेजारधर्म, दुसरं काय. काकूंची एकच अट होती: मुलगा मुलीपेक्षा ठेंगणा असला तर ती जोडी मशीननं घ्यायचीच नाय. मी डेटाबेसमध्ये तसा नियम घातला. मुलाची उंची कमी भरली की नोंद होणार नाही, वर लाल अक्षरांत 'ही जोडी चालणार नाही' असं येणार. ते वाक्यही माझंच. तेव्हा स्वतःचं लई कौतुक वाटलं होतं.

मी ताडमाड. आई म्हणायची, हिला नवरा नाय, शिडी बघावी लागंल. आणि मला आवडला तो पैठणच्या दूध डेअरीतला, माझ्या कानाशी येणारा. पण बोलायला लागला की माझं हसू थांबायचं नाही. दोन्ही घरं राजी, पत्रिका जुळलेली. काकूंनी हौसेनं आमच्या जोडीची नोंद करायला घेतली आणि लाल अक्षरं आली.

"मशीन नाय म्हणतंय, पोरी," काकू म्हणाल्या आणि चष्मा काढून ठेवला.

"अहो काकू, मशीन कसलं, मीच लिहिलंय ते. आत्ता काढते."

"स्वतःचं लग्न आलं म्हणून नियम काढायचा व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

आईनं मान डोलावली. माझी सख्खी आई. तिकडं त्याच्या घरी कुजबुज सुरू झाली, की पत्रिकेत निघालं नाही ते कॉम्प्युटरमध्ये निघालं. त्याचे मामा म्हणाले, जरा थांबूया. मला रडू यायचं आणि रागही यायचा, पण काढावा कुणावर? माझंच वाक्य माझं लग्न मोडायला बसलं होतं.

तोड काढली त्याच्या आईनं. "नवरदेव फेट्यात असतो. मग उंची पण फेट्यासकट मोजा."

आणि खरंच मोजली. काकूंच्या हॉलमध्ये फेटेवाला बोलावला, फेटा बांधून झाल्यावर नवरदेवाला भिंतीला टेकवून टेप लावला. तुरा माझ्या वर गेला. काकूंनी आकडा टाकला, नोंद झाली. काकूंची मुलगी, चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून, चहाचा ट्रे घेऊन आत आली. मामांनी पेढ्यांचा पुडा उघडला.

त्यानं फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "काकू, बिनफेट्याची उंची लिहा. मी काय भाजी आणायला पण फेटा बांधून जाऊ?"

मी उठले, काकूंना खुर्चीवरून उठवलं आणि सगळ्यांच्या देखत तो नियम काढून टाकला. त्याची खरी उंची घातली. नोंद झाली. मामा हातातला पेढा तसाच धरून बसले होते.

काकूंनी वाकून स्क्रीनवरची नोंद वाचली. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या मुलीकडं बघितलं. अख्ख्या छावणीची लग्नं जुळवणाऱ्या काकूंनी हिचं नाव यादीत कधी घातलंच नव्हतं.

"उठू नको," त्या मला म्हणाल्या. "हिचं पण टाक आता. उंची खरीच लिही."