सुकन्याचं भिगवण

कन्हेरीच्या दादासाहेबांची सुकन्या भिगवणला राहायला जाणार म्हटल्यावर घरात कुणी धड जेवेना. उसाची शेती असलेलं घर, सगळी माळकरी माणसं. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं, आणि पोरगी वर्षभर मासळी विकणाऱ्या बायकांत राहणार.

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. सुकन्या बारामतीच्या कॉलेजातून नुकतीच बी.एस्सी. झाली होती. समाजाच्या उपयोगाचं काही नवं करून बघायची हौस असलेल्या मुलामुलींसाठी विद्यापीठानं तेव्हा एक फेलोशिप काढली होती. एक गाव निवडायचं, तिथं वर्षभर राहायचं, लोकांची एखादी अडचण हाती घ्यायची आणि तोडगा काढून बघायचा. मुलाखतीत सुकन्यानं भिगवणचं नाव घेतलं. इंदापूरला मावशीकडं जाताना भिगवणला गाडी बदलावी लागायची. तिथं मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायकांना बसमध्ये सहसा कुणी घेत नाही, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

"ही फिलोशिप म्हंजी नोकरी हाय का?" दादासाहेबांनी विचारलं.

"न्हाय आबा. शिकायचंच हाय."

"मग शेतकीचं काय तरी शीक की. मासळीचं कशाला?"

सुकन्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. आईनं पितळी डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली.

भिगवणात तिला सारजानं ठेवून घेतलं. सारजाचा नवरा उजनी धरणाच्या पाण्यात जाळी टाकायचा, आणि ती मासळी सारजा बारामतीच्या बाजारात विकायची. पहिल्याच संध्याकाळी सारजानं नवा तवा आणि नवं पातेलं चुलीपाशी ठेवलं. "ह्यात आमी मासळी घालणार न्हाय. तू बिनघोर जेव," ती म्हणाली.

पावसाळ्यात एकदा दोघी बसनं बारामतीला निघाल्या होत्या. मदनवाडीच्या पुढं सारजाच्या पाटीतलं पाणी ओघळलं ते थेट एका गृहस्थाच्या धोतरावर. आरडाओरडा झाला. कंडक्टरनं घंटी मारली आणि सारजाला पाटीसकट खाली उतरवलं. तिच्या मागोमाग सुकन्याही उतरली. दुसरी गाडी येईपर्यंत दोघी बाभळीखाली बसून राहिल्या. पावसानं उघडीप दिली होती; ऊन चढलं, मासळी नासली. सारजानं पाटी रस्त्याकडेच्या चारीत रिकामी केली.

"त्यांचं बी खरं हाय," ती पदरानं हात पुसत म्हणाली. "असलं पाणी अंगावर कुणाला बरं वाटंल?"

ते शांत बोलणं सुकन्याच्या मनाला लागून राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मासळीसाठी न गळणारा डबा करून घ्यायला झुंबर पत्रेवाल्याच्या दुकानात जाऊन बसली. पहिला डबा दुहेरी पत्र्याचा, मध्ये लाकडाचा भुसा भरलेला. तो उचलायला दोघी लागल्या. बाजारातल्या बायका हसून हसून खाली बसल्या. सुकन्याही हसली, पण रात्री तिला झोप लागली नाही. दुसरा डबा पत्रा जोडताना डाग दिलेल्या जागी गळला. मग एकेरी पत्रा घेतला, तळाला बर्फ, त्यावर जाळी, जाळीवर मासळी, आणि झाकणाला झुंबरनं ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली.

तो डबा घेऊन सारजा बसमध्ये चढली.

"काय हाय ह्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"मासळी."

त्यानं वाकून वास घेतला, डब्याखाली बोट फिरवून बघितलं, आणि तिकीट फाडलं. मागच्या बाकावर सुकन्या बसली होती. हसू फुटेल म्हणून बारामतीपर्यंत तिनं सारजाकडं पाहिलंच नाही.

थंडीत दादासाहेब लेकीला बघायला आले. दारातच उभे राहिले. सारजानं पाट मांडला आणि पिठलं-भाकरी वाढली.

"दादासाहेब, ही भांडी तुमच्या लेकीची हायती. ह्यांना मासळी म्हाईत न्हाय."

ते चपला काढून आत आले. पोटभर जेवले. निघताना त्यांनी मासळीच्या डब्याचं झाकण दोन-तीनदा उघडलं, मिटलं, आणि लेकीला म्हणाले, "झाक जमलंय."

वर्ष सरेपर्यंत बाजारातल्या बहुतेक बायकांकडं तसे डबे आले. पुढं वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपगाड्या वाढल्या. बायका मिळून अख्खी जीप करू लागल्या, आणि नको झालेल्या डब्यांत ज्वारी भरली गेली. विद्यापीठाची फेलोशिपही काही वर्षांनी बंद पडली. सुकन्या तोवर इंदापूरच्या शाळेत शिकवत होती. हे सगळं कानावर आलं तेव्हा तिला आतून रितं रितं वाटलं.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात ती कन्हेरीला निघाली होती. भिगवणला गाडी बदलायची, ती तिनं जाऊ दिली आणि सारजाच्या घरी गेली. सारजानं तिला हाताला धरून होडीत बसवलं. वर्षभर तिथं राहूनही सुकन्या कधी पाण्यावर गेली नव्हती. लांबवर रोहित पक्षी उभे होते. सारजाचा नवरा सावकाश वल्हं मारत होता.

मध्यावर आल्यावर सारजा खाली पाण्यात बघत म्हणाली, "ह्याच्या खाली धरणात बुडालेलं आमचं जुनं घर हाय. चुलीला लागून कडुनिंब व्हता. चल, कुठं व्हता ते दावते."