सोलापूरची साखळी, खाडीचा काठ

समुद्र बघायला मी गेलोच नव्हतो. गेलो ते साखळी वाहायला. सोलापुरात आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागात मी तात्पुरता शिपाई आहे, शिक्षण आठवी. देशमुख सर म्हणाले, "विमानातून काढलेल्या फोटोवरून नकाशा कसा करतात, ते पोरांना खाडीवर शिकवू. मोजणीची साखळी तुझ्याकडे. नीट मोजलंस तर प्रयोगशाळेत घेण्यासाठी शब्द टाकतो." निघण्याआधी मी तिच्या कड्या तीनदा तपासल्या.

सकाळच्या एस.टी.नं सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी आंबा घाटातून रत्नागिरी. जाणाऱ्यांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर घ्यावी आणि घाटात पोट हलकं ठेवावं. मल्लिनाथ नावाच्या विद्यार्थ्यानं ठेवलं नाही. त्याची खिडकी कंडक्टरला धुवावी लागली.

खाडीकाठच्या शाळेत उतरलो. खानावळीत दोन रुपयांत पोटभर मासे-भात. मल्लिनाथ शाकाहारी, तो सोलकढीवरच खूश.

तिवरांची झुडपं चिखलात कुठवर आहेत, ते नकाशावर आणायचं होतं. त्यासाठी आधी पाण्याचा काठ ठरवायला सकाळी धक्क्यापासून पाण्यापर्यंत मी मोजलं. साखळी पूर्ण ताणली की जमिनीत एक लोखंडी बाण रोवायचा. अकरा बाण लागले. दुपारी मल्लिनाथच्या गटानं तेच अंतर पुन्हा मोजलं. सात! फोटोवरही सातच.

"चार साखळ्या कुटं पेरल्या, मामा?" मल्लिनाथ हसला.

"मोजताना लक्ष कुठं होतं?" म्हणत सरांनी साखळी माझ्या हातून घेऊन त्याला दिली. प्रयोगशाळा गेलीच, असं वाटलं. तरी मी धक्क्यावर बसून उपटून आणलेले बाण पुन्हा मोजले. सकाळचा शेवटचा बाण कुठं रोवला होता, ते बघायला मान वर केली, तर तिथं पाणी.

शेजारी टोपली घेऊन एक मावशी शिंपल्यांतली कालवं निवडत होत्या. मी विचारलं, "मावशी, सकाळी मी तिथं उभा होतो की हो?"

"व्हतास ना. तवा सुकती व्हती, आता भरती लागली. तुमच्याकडं पानी जाग्यावरच ऱ्हातं काय?"

"आमच्या तळ्यातलं राहतं," मी म्हणालो आणि त्या हसतच सुटल्या.

सरांना सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "भरती-ओहोटी वर्गात मी दरवर्षी शिकवतो रे!" फोटोही भरतीचाच असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. सगळ्यांदेखत साखळी माझ्या हातात देत ते पोरांना म्हणाले, "आता दोन काठ काढा. आणि मोजताना वेळ लिहायची, हे यांच्याकडून शिका."

पुढचे दोन दिवस चिखलात रुतत, चपला हरवत आम्ही दोन्ही रेषा पुऱ्या केल्या. एवढं हसलो की मोजणी दोनदा चुकली. ती मात्र खरंच माझी चूक.

परत येऊन महिना झाला. प्रयोगशाळेचं पत्र अजून आलेलं नाही, पण सरांनी अर्जावर सही केली आहे. नकाशा भिंतीवर आहे. परवा चादरीच्या कारखान्यातून सुटून माझा थोरला भाऊ तो बघायला आला. दोन्ही रेषांवर बोट फिरवून म्हणाला, "लई झ्याक. पण खरा काठ कंचा रं?"

मी विचारलं, "किती वाजताचा?"