कळण्याची भाकर

आणीबाणीतल्या पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून मेहकरला आले, तेव्हा बाबा घरात नव्हते. ते वकील. भर बाजारात सरकारविरुद्ध बोलले होते आणि अटकेचा कागद निघाल्याचं कळताच निघून गेले होते. हिवरा आश्रमाजवळच्या एका मळ्यात ते राहत होते. आईने मला हे न्हाणीघरात, नळ मोठा सोडून सांगितलं. "कोणी विचारलं तर पत्र नाही, पत्ता नाही. एवढंच."

मला ते जड नव्हतं. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी पुस्तकी झालं होतं, गल्लीतल्या मुली हसत, म्हणून मी एरवीही गप्पच असे. गप्प बसून बघत असे. त्या सुट्टीत सगळ्यात जास्त बघितलं ते शेजारच्या काकूंकडे. त्यांचे यजमान तहसील कचेरीत कारकून. काकू दिवसातून तीनदा येत, कधी विरजणाला, कधी उगीच, आणि जाताना त्यांची नजर खुंटीवरून, चपलांवरून, उष्ट्या ताटांवरून फिरून जाई.

एका रविवारी त्या सिनेमाची तीन तिकिटं घेऊन आल्या. दुपारचा खेळ. "चला वकिलीणबाई, काय भिंती पाहून राह्यल्या घरात बसून! ऐतिहासिक हाय. तलवारी-बिलवारी."

त्यांना आमचं घर रिकामं हवंय, असंच मला वाटलं. "नाही म्हटलं तर जास्त डोळ्यावर येईल," आई हळूच म्हणाली. निघताना मी मागच्या दाराच्या कडीला एक काळा दोरा गुंडाळून ठेवला.

सिनेमा राजाची मर्जी फिरलेल्या एका सरदाराचा होता. सरदार डोंगरात लपलेला, त्याची बायको, तिची सासू आणि मुलं गढीत नजरकैदेत. राजाचा एक अंमलदार रोज येई, गोड बोले, मुलांना गोष्टी सांगे. बायकांच्या बाकांवरून त्याला शिव्या पडत होत्या. "मेल्या, दूध काय पितो? जहर पी!" मी मात्र पडद्याकडे कमी आणि काकूंकडे जास्त बघत होते.

मग अंमलदाराला पानदान दिसलं. सासूला दात नाहीत, बायको पान खात नाही, आणि आत रोज ताजी पानं. तो हसला. पुढच्याच दृश्यात सरदाराला पानं पोचवायला निघालेल्या दासीच्या मागे शिपाई डोंगर चढू लागले.

"येडी बाई!" काकू म्हणाल्या. "खाणारा घरी नाही अन् पानं भरून ठेवते." पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कळणं कोन खाते हो, वकिलीणबाई? परवा चक्कीवर तुमचा डबा माह्या पुढंच होता."

कळणं म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. त्याच्या भाकरीशिवाय बाबांचं जेवण होत नसे. आईला ती पचत नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. दर गुरुवारी ती दर्शनाला म्हणून हिवऱ्याच्या बसमध्ये बसे, तेव्हा पिशवीत नारळाखाली त्याच भाकरी असत. चक्कीवर कोणाच्या डब्यात काय आहे हे रांगेतल्या सगळ्यांना दिसतं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आईने पडद्याकडेच बघत पदर सारखा केला.

"मी खाते," मी म्हणाले. इतक्या मोठ्याने की पुढची बाई वळली. "मला आवडतं. वसतिगृहात मिळत नाही."

"तू? बिस्किटवाली पोरगी?" काकू हसल्या. "बरं हाय माय."

सिनेमाचा शेवट मला आठवत नाही. घरी आल्यावर दोरा होता तसाच होता. तरी बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू ताट घेऊन आल्या. कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा, तेलाची वाटी. "खाय माय, गरम हाय. मी हाव इथंच बसून."

मी कळणं कधी धड चाखलंही नव्हतं. बाबा कसे खातात ते मात्र रोज बघितलं होतं. मी भाकरीत अंगठ्याने खळगा केला, त्यात ठेचा ठेवला, वरून तेल सोडलं, आणि कडेने मोडत खळग्यापर्यंत आले. घास घशात खरखरत होता. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं नाही. दोन्ही भाकरी संपवल्या. काकू पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होत्या.

"अगदी बापावानी खाते," त्या म्हणाल्या. ताट उचलून दारात थांबल्या. "चक्कीवर लोकं लई पाह्यतात, वकिलीणबाई. तुमचा डबा माह्यासंगं देत जा."

त्या गेल्यावर आईने दाराला कडी लावली. ही मदत होती की दोरीचं टोक हातात घेणं? संध्याकाळी आईने डबा भरून त्यांच्याकडे दिला. नाही म्हटलं असतं तर जास्त डोळ्यावर आलं असतं.

बाबा सापडले नाहीत. आणीबाणी उठल्यावर स्वतःच बसने आले. तोवर दर आठवड्याला काकूंकडून डबा यायचा, आणि सुट्टीत घरी असले की झाकण काढून मी आधी पिठाचा रंग बघायचे. प्रत्येक वेळी कळणंच असे. त्यांना किती माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही. आता मला ती भाकर खरोखर आवडते. काकू समोर बसल्या असतील तर मात्र मी तिच्यात बाबांसारखा खळगा करत नाही.