आसिमिनाचा मिस कॉल

आसिमिनाला फोन उचलता येत होता, पण उचलायचा नाही हे तिचं पक्कं ठरलेलं होतं. तिच्या पोराचा, सारांदिसचा फोन एकदा वाजायचा, बंद व्हायचा, आणि ही बया लगेच तव्यात तेल ओतायची. पोरगं कावोसच्या टोकाला वळसा घालून आत आलं, आता थोड्या वेळात धक्क्याला लागेल, एवढं त्या एका वाजण्यात तिला कळत असे. आमच्या ग्रीक बेटावर सगळ्या कोळ्यांच्या घरी हीच रीत होती. मिस कॉलला पैसे पडत नाहीत, आणि बोलायचं तरी काय असतं? आला, बस्स. एखाद्या नव्या सुनेनं हौसेनं फोन उचललाच, तर नवरा समुद्रातूनच ओरडायचा, "उचललास कशाला, बाई? वाजू द्यायचा की!"

मी झाबेटा, गावची भट्टीवाली. पाव माझा, आणि रविवारी गावातल्या बायकांचे जेवणाचे ट्रेही माझ्याच भट्टीत भाजून निघतात. त्यामुळे कुणाच्या घरी काय शिजतं आणि कुणाच्या घरी काय जळतं, हे मला पाद्र्याच्या आधी कळतं. आसिमिना तर माझ्या शेजारची. तिच्याबद्दल मी बोलणार नाही तर कोण बोलणार?

ती वरच्या गावची, बकऱ्या राखणाऱ्यांच्या घरातली. त्या लोकांना समुद्र दुरून बघायलाही नको असतो. आणि हिनं लग्न केलं ते मेर्कुरिसशी, म्हणजे अंगाला कायम माशांचा वास असलेल्या माणसाशी. लग्नानंतर तिनं उभ्या आयुष्यात नावेत पाय ठेवला तो एकदाच, बाळंतपणात अडली तेव्हा. बाकी सारा जन्म उंबऱ्यात बसून जाळी विणण्यात गेला. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं, हातात लाकडी सुई, आणि तोंड आपलं चालू. तोंड म्हणजे काय, कात्री नुसती! "अगं झाबेटा, तुझा पाव आज फुगलाय की रुसलाय?" असं भर बाजारात विचारायची. आणि मी तापात पडले, तर तीच माझ्या भट्टीत पहाटे लाकडं घालून जायची. असली बाई.

मुलगी लग्न करून मेलबर्नला गेली ती गेलीच. मेर्कुरिस फुप्फुसाच्या आजारानं घरच्या खाटेवर गेला. गावातले म्हणाले, नशीबवान कोळी, बिछान्यात मेला. उरला सारांदिस. तिशी ओलांडलेला, लग्न न झालेला, बापाची नाव चालवणारा, आणि आईचं सगळं ऐकून घेणारा.

मग प्रोफितिस इलियासच्या टेकडीवर, त्या संताच्या देवळाच्या शेजारी, टॉवर उभा राहिला आणि सगळ्यांच्या खिशात फोन आले. सारांदिसनं आईलाही घेऊन दिला. हिनं त्याला लोकरीची पिशवी विणली, गळ्यात अडकवली. मिस कॉलनं पहिलं वर्ष तिला भारी सुख दिलं. इतकी वर्षं ती खिडकीतून कावोसकडे डोळे लावून बसायची, आता निवांत जाळी विणायची. पण सुख पचायला नको का? तिला हिरवं बटण दाबायची चटक लागली. सकाळी एक, न्याहारीला एक, वारा जरा फिरला की एक. पोरगं समुद्रात जाळी ओढतंय आणि हिचा फोन: "टोपी घातलीस का?"

कॉफीच्या दुकानात म्हातारे कोळी त्याला सोडतात होय! "सारांदिस, आईनं विचारलंय, नाक पुसलंस का?" "सारांदिस, घोट सावकाश घे, आईचा फोन यायचाय." तो बिचारा हसायचा. हसून हसून किती दिवस हसणार?

सप्टेंबरातली सकाळ होती. तो माझ्याकडे पाव आणि टोस्ट घ्यायला आला, मागोमाग ही आलीच.

"प्लाकावर चाललास म्हणे? इतक्या लांब कशाला?"

प्लाका म्हणजे पश्चिमेला दूर पाण्याखाली असलेला खडक. मासळी भरपूर, पण तिथवर फारसं कुणी जात नाही.

"मासे तिथे आहेत म्हणून, आई."

"पोचलास की फोन कर."

"नाही करणार. आणि तूही करायचा नाहीस. येताना कावोसला वाजवीन. आज एकदा जरी फोन केलास ना, तर बंद करून टाकीन!"

"कर की बंद! फेकून दे समुद्रात. आईपेक्षा मासे बरे, ते बोलत तरी नाहीत."

"खरंच बरे!" असं म्हणून तो निघाला. पाव काउंटरवरच राहिला, तो मी धावत जाऊन त्याच्या हातात कोंबला. तो माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसला, म्हणजे राग काही फार खोल नव्हता. पण ते हसू आसिमिनाच्या वाट्याला आलं नाही.

दुपारी कावोसचा मिस कॉल आला नाही. आसिमिनानं जितका वेळ दम धरता येईल तितका धरला, म्हणजे फारसा नाही, आणि बटण दाबलं. तिकडून ती रेकॉर्डवरची बाई बोलली: आपण संपर्क करू इच्छिता त्या ग्राहकाने बहुधा आपला फोन बंद ठेवला आहे. पुन्हा केला. पुन्हा तीच बाई, त्याच गोड आवाजात.

आसिमिना फोन हातात धरून माझ्या दुकानात आली. चेहरा लालबुंद. "केला त्यानं बंद. बोलला तसं केलं मेल्यानं!"

"अगं, तिकडे लांब रेंज नसेल," मी म्हटलं.

कोपऱ्यात बार्बा, म्हणजे काका, थ्रासोस टोस्ट बुडवून खात बसला होता. आमच्या बंदरातला सगळ्यात जुना कोळी, दात गेले पण मत गेलं नाही. तो म्हणाला, "रेंज नसायला काय झालं? प्लाकावर पाचही दांड्या असतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. इथे धक्क्यावर नाही एवढी रेंज तिथे आहे. पाण्यावर आडवं यायला आहे काय? त्यानं बंदच केलाय."

झालं. त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. दांड्या पाच, फोन लागत नाही, म्हणजे बंद. प्लाकावरून फोन करून कुणी बघितला होता का? कुणीच नाही. आमच्याकडे फोन वाजवायचा तो परतताना, कावोसला. भर समुद्रातून फोन करायला कुणाला वेड लागलंय?

"बघून येऊ का एक चक्कर?" बार्बानं विचारलं. समुद्र तेव्हा परातीतल्या पाण्यासारखा शांत होता.

आसिमिनानं दारातून धक्क्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नको. आईनं मागे नाव पाठवली म्हणून तुम्ही पुन्हा त्याला छळाल. भूक लागली की येईल. आणि आता मीही नाही करणार फोन. बघू कोण आधी नमतं." तिनं फोन पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड आवळलं. खरं तर त्याची लाज राखायला ती गप्प बसली होती. जन्मात पहिल्यांदा गप्प बसली, आणि तेसुद्धा त्या दिवशी.

संध्याकाळी दक्षिणेचा वारा सुटला. मग मात्र सगळे धावले. नावा काढल्या, तटरक्षकांना कळवलं, पण लाटा अशा उठल्या होत्या की कावोसच्या पुढे कुणाला जाता येईना. आम्ही बायका धक्क्यावर उभ्या राहून काय करणार? पनायियाचं, मेरीमातेचं, नाव घेत होतो, दुसरं हातात काय होतं? दुसऱ्या दिवशी प्लाकापासून बरीच दूर नाव सापडली, अर्धी पाण्यात. इंजिनाचं झाकण काढलेलं होतं. म्हणजे इंजिन बंद पडलं होतं, आणि वारा सुटायच्या आधी तो बराच वेळ त्याच्याशी झुंजत होता. नावेवर वायरलेस होता, पण मोबाइल आल्यापासून त्याची बॅटरी कोण बघतंय? सारांदिस सापडला नाही.

तो हिवाळा आसिमिनानं कसा काढला, ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. काळे कपडे घातले, जाळी सोडून दिली. फोन मात्र रोज चार्ज करायची. रोज त्याला लावायची, ती बाई तेच बोलायची, आणि ही तिच्याशी भांडायची: "तुला काय ठाऊक गं, भवाने?" मग तसबिरीपुढे दिवा लावून पोराशी बोलायची. "पुरे की आता राग. एका फोनवरून एवढं धरून बसायचं? मी चुकले म्हणते ना!" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, माझ्यावर रागावून गेला, फोन बंद करून बसला, नाहीतर मला कळवलं असतं त्यानं. आम्ही मान हलवायचो.

वसंतात टॉवरच्या कामाला अथेन्सहून एक इंजिनिअर आला, इयासोनास नावाचा. पोरगेलासा, गोड बोलणारा, रोज सकाळी माझ्याकडे चीजचं पॅटिस खायला यायचा. एके दिवशी बार्बा थ्रासोसनं त्याला धरलं.

"काय रे, तुझा टॉवर खोटारडा आहे का? परवा मी प्लाकावर गेलो होतो. दांड्या पाच. बायकोला फोन लावला, लागेना. ओळीनं लावत राहिलो, नाहीच."

"नाहीच लागणार," इयासोनास तोंडात घास ठेवून म्हणाला. "प्लाका हद्दीबाहेर आहे, बार्बा."

"मग दांड्या कसल्या?"

"दांड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्या फोनला किती ऐकू येतो ते. तुमच्या फोनचं टॉवरला पोचतंय का, ते दांड्यांना काय माहीत?" मग तो माझ्याकडे वळला, बायकांना मानानं म्हणतात तसं 'कीरा' म्हणत. "कीरा झाबेटा, समज तुझ्या भट्टीत एका वेळी एकच ट्रे मावतो आणि दारात आठ बायका आहेत. तू काय करशील? पहिलीचा क्षणभर आत, काढला, दुसरीचा आत, काढला, आठवीनंतर पुन्हा पहिलीचा. आणि हे इतकं झरझर, की प्रत्येकीला वाटावं भट्टी माझी एकटीचीच आहे."

"अशानं सगळ्या आठ जणी उपाशी मरतील," मी म्हटलं.

तो हसला. "अन्न नाही भाजणार, पण बोलणं चालतं. टॉवर तुमच्या बोलण्याचे बारीक तुकडे करून घेतो. एका लहरीवर आठ जण, ज्याचा त्याचा क्षण ठरलेला. आता जी बाई लांबून येते तिनं घरून जरा लवकर निघायला हवं, नाहीतर तिचा ट्रे पुढचीच्या वेळेत येऊन आदळायचा. टॉवर फोनला तेच सांगतो, तू लांब आहेस, थोडं आधी बोल. पण किती आधी, त्याला हद्द आहे. पस्तीस किलोमीटरपर्यंत निभतं. त्यापुढून येणारं उशिरा पोचतं, आणि टॉवर ते घेतच नाही."

"आणि त्याला कुणी इथून फोन केला तर?"

हे विचारलं आसिमिनानं. ती पावासाठी दारात येऊन केव्हाची उभी होती, आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं. मी काउंटरखालून इयासोनासच्या पायावर पाय दिला. त्या शहाण्याला वाटलं, चुकून लागला. तो पाय मागे घेऊन अगदी अदबीनं सांगू लागला.

"इथून केला, कीरा, तर टॉवर त्याचं नाव घेऊन हाक मारतो. हाक त्याच्या फोनला ऐकू जाते. मग फोन उलट दारावर टकटक करतो, मी इथे आहे म्हणून. टॉवरनं दार उघडलं की मगच फोन वाजतो."

"आणि टकटक उशिरा पोचली तर?"

"तर दार उघडत नाही. फोन वाजत नाही. इथे रेकॉर्ड लागते की फोन बंद आहे. म्हणजे, 'बहुधा' म्हणते ती. टॉवरला खरं काय ते माहीतच नसतं."

"म्हणजे फोन चालू असला तरी?"

"चालू असला तरी."

बार्बा थ्रासोसचा टोस्ट कॉफीत विरघळून गेला, त्याला भान नव्हतं. आसिमिना पुढे आली, काउंटरला धरून उभी राहिली. "आणि त्यानं स्वतःहून केला तर? मदतीसाठी केला तर?"

"तेच, कीरा. आधी टकटक. त्या टकटकीत नाव नसतं, नंबर नसतो, नुसता ठोका असतो. टॉवरला तो ऐकूही आला असेल, पण वेळेबाहेरचा म्हणून टाकून दिला असेल." आता कुठे त्याला आमचे चेहरे दिसले. तो चाचरला, मग काहीतरी चांगलं सांगावं म्हणून घाईघाईनं म्हणाला, "पण आता काळजी नाही! वर मी तेच बदलतोय. एकेकाला दोन-दोन जणांची वेळ द्यायची, म्हणजे दुप्पट लांबचंही घेता येतं. उद्यापासून प्लाकावरून फोन लागेल."

"उद्यापासून," आसिमिना म्हणाली. "बरं झालं. लोकांच्या पोरांना होईल."

इयासोनास अर्धं पॅटिस टाकून निघून गेला. बार्बा खाली मान घालून बसला होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी काउंटरच्या बाहेर येऊन तिचे हात धरले. मूर्खासारखं मला वाटलं होतं की तिच्या जिवावरचं ओझं उतरेल. म्हटलं, "ऐकलंस ना गं? त्यानं बंद केला नव्हता. तो रागावलेला नव्हता तुझ्यावर. तुलाच फोन करत असेल तो."

"तेच तर," ती म्हणाली. "झाबेटा, सगळा हिवाळा मी तो रागावलाय म्हणून झोपू शकले. रागावलेला माणूस घाबरलेला नसतो गं. आता कशी झोपू, सांग."

मी तिला खुर्चीवर बसवलं, आणि दुकानाचं दार लावून घेतलं.